एंजल आयलंड स्टेट पार्क: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दोन बेटांची नावं कानावर पडतात. अल्काट्राझ सगळ्यांना ठाऊक असतं, कारण तिथे तुरुंग होता. त्याच्या उत्तरेला, टिब्युरॉन गावासमोर, त्याहून कितीतरी मोठं हिरवं बेट आहे ते एंजल आयलंड. सुमारे ७४० एकरांचं हे अख्खं बेट कॅलिफोर्नियाचं स्टेट पार्क आहे. चालायला, सायकल चालवायला, तंबू ठोकून राहायला सोय आहे, आणि १९१० ते १९४० या तीस वर्षांत पॅसिफिक ओलांडून आलेल्या लोकांना जिथे अडवून ठेवत ते इमिग्रेशन स्टेशनही इथेच आहे. बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांतून पाहुणे आले की गोल्डन गेट, लोंबार्ड स्ट्रीट आणि नापा एवढं ठरलेलं असतं. या यादीत हे बेट असायला हवं आणि ते वरच्या क्रमांकावर असायला हवं.

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा. इथे घड्याळ तुमच्या हातात नसतं, बोटीच्या हातात असतं. त्यामुळे दिवस सकाळपासून पुढे न आखता शेवटच्या बोटीपासून मागे आखायचा.

आधी बोट ठरवा

बेटावर पूल नाही आणि खाजगी गाडी नेता येत नाही. जायला दोन वाटा. एक टिब्युरॉनहून, ही बोट रॅकून सामुद्रधुनी ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत पोचवते. दुसरी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगहून, गोल्डन गेट फेरीची, सुमारे अर्ध्या तासाची. अल्काट्राझची बोट पिअर ३३ वरून सुटते आणि तिचा या बेटाशी काही संबंध नाही. दरवर्षी कोणीतरी चुकीच्या धक्क्यावर जाऊन उभं राहतंच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कुठली वाट घ्यायची ते तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. फ्रीमाँट, मिलपिटास किंवा बेरियेसाकडून येत असाल तर बार्ट रेल्वेने एम्बार्कडेरोला उतरा. तिथून फेरी बिल्डिंग समोरच आहे, पार्किंगची कटकटच नाही. सनीव्हेल, माउंटन व्ह्यूकडून कॅलट्रेनने आलात तर शेवटच्या स्थानकावरून एन लाइनची म्युनी पकडून एम्बार्कडेरोला या. गाडीनेच यायचं असेल तर टिब्युरॉन बरं. हायवे १०१ वरून टिब्युरॉन बुलेवार्डला वळायचं आणि तो रस्ता संपेपर्यंत जायचं. धक्क्याजवळ पैसे भरून लावायचे पार्किंग लॉट आहेत. रस्त्याकडेला फुकट जागा दिसली तरी पाटी वाचल्याशिवाय गाडी सोडू नका, तिथे बहुतेक ठिकाणी तासांची मर्यादा असते आणि तुम्ही पाच-सहा तास परतणार नाही. बोट सुटायच्या पाऊण तास आधी गावात पोचाल असं निघा.

वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. हिवाळ्यात टिब्युरॉनच्या फेऱ्या शनिवार-रविवारपुरत्या उरतात, उन्हाळ्यात वाढतात. जाण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघा. तिकिटातच पार्कचं प्रवेशशुल्क धरलेलं असतं, त्यामुळे बेटावर वेगळी पावती फाडावी लागत नाही. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही, कारण हे पार्क राज्य सरकारचं आहे. वाचनालयातून मिळणारा स्टेट पार्कचा पाससुद्धा इथे उपयोगाचा नाही; तो गाडीच्या प्रवेशासाठी असतो आणि इथे गाडीच नाही.

परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते कागदावर लिहून घ्या आणि तिच्या आधीच्या बोटीने परतायचं ठरवा. शेवटची राखीव ठेवायची. छान ऊन पडलेल्या रविवारी संध्याकाळी धक्क्यावर लांब रांग लागते, म्हणून बोटीच्या अर्धा तास आधी खाली या. शेवटची बोट चुकली तर बेटावर हॉटेल नाही, धर्मशाळा नाही. पाण्यातली खाजगी टॅक्सी मिळाली तर मिळाली, आणि तिचे पैसे ऐकून घाम फुटतो.

काय घ्यायचं

जुलै महिना आहे, कॅलिफोर्निया आहे, म्हणून अर्ध्या चड्डीत आणि टी-शर्टात जाणारे लोक दुपारी पश्चिम बाजूला कुडकुडताना दिसतात. उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यांत जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. ती फट नेमकी बेटाच्या समोर आहे. म्हणून जूनपासून ऑगस्टपर्यंत धुकं आणि दुपारचा वारा ठरलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ असतं, तेव्हा जा. मार्च-एप्रिलमध्ये उतारांवर रानफुलं असतात. कुठल्याही महिन्यात वारा अडवणारं जाकीट मात्र हवंच, आणि टोपी डोक्यावर घट्ट बसणारी.

पाणी माणशी दीड ते दोन लिटर. बोटीतून उतरल्या उतरल्या आयाला कोव्हला, म्हणजे बोट लागते त्या छोट्या खाडीपाशी, बाटल्या पुन्हा भरून घ्या. तिथे कॅफे आहे, पण तो मोसमाप्रमाणे उघडतो, आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी किंवा थंडीत बंद मिळण्याची शक्यता जास्त. जेवण घरूनच न्या. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे सगळं दिवसभर टिकतं आणि वाऱ्यात उडत नाही. कागदी प्लेटा उडतात, स्टीलचे डबे न्या. मांस किंवा मक्याची कणसं भाजायची असतील तर ठरवून दिलेल्या शेगड्यांवर फक्त कोळसा चालतो आणि तो तुम्हीच आणायचा. लाकडं पेटवायला बंदी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये लागलेल्या वणव्यात जवळजवळ निम्मं बेट जळालं होतं, म्हणून हा नियम कडक आहे.

कुत्रा नेता येत नाही. स्केटबोर्ड, स्कूटर, रोलर स्केट्स चालत नाहीत. सायकल बोटीवर घेतात, पण जागा मर्यादित असते आणि आधी येईल त्याला मिळते. मोसमात बेटावर भाड्यानेही मिळते. सायकल फक्त पक्क्या रस्त्यावर आणि वणव्याच्या गाड्यांसाठी केलेल्या रुंद कच्च्या रस्त्यांवर चालवायची, पायवाटांवर नाही. निघण्याआधी ब्रेक तपासा. काही उतार असे आहेत की लहान मुलांनी तिथे सायकल हातात धरून उतरवलेलीच बरी.

पॉयझन ओकबद्दल थोडं थांबून

पायवाटांच्या कडेला हे झुडूप सर्रास आहे. एका देठावर तीन पानं, मधलं पान थोड्या लांब देठाचं. वसंतात तुकतुकीत हिरवी, उन्हाळ्याच्या अखेरीला लालभडक आणि दिसायला फार सुंदर. हिवाळ्यात पानं झडून नुसत्या काड्या राहतात, त्याही तितक्याच वाईट. मराठी माणसाला समजावायचं तर हा बिब्ब्याचा भाऊबंद आहे. बिब्बा, आंबा, काजू आणि हे झुडूप एकाच कुळातले. बिब्बा उततो तसाच हाही उततो: एक-दोन दिवसांनी खाज, लाल चट्टे, पाण्याचे फोड. ज्यांना कच्च्या कैरीच्या चिकाने ओठाला फोड येतात त्यांनी जास्त जपावं.

उपाय साधा. वाटेच्या मधोमध चाला, पूर्ण लांबीची पॅन्ट घाला आणि मुलांना झुडपात शिरू देऊ नका. स्पर्श झालाच तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा, नुसतं पुसू नका. त्यातलं तेल पुसल्याने पसरतं. ते तेल कपड्यांवर, बुटाच्या नाड्यांवर, पिशवीच्या पट्ट्यावर अनेक दिवस टिकतं. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा, नाहीतर आठवड्याने घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या हाताला फोड येतात आणि कारण सापडत नाही. गवतातून चालला असाल तर गोचिडी आहेत का तेही बघा.

उतरल्यावर डावीकडे

बोट आयाला कोव्हला लागते. १७७५ साली सान कार्लोस हे जहाज घेऊन हुआन मॅन्युएल दे आयाला हा स्पॅनिश अधिकारी या खाडीत शिरला आणि त्याने इथे नांगर टाकला. हे खाडीत आलेलं पहिलं युरोपीय जहाज. त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी कोस्ट मिवोक लोक लव्हाळ्याच्या होड्यांतून बेटावर मासे आणि हरणांसाठी येत होते. १८९१ पासून या कोव्हवर क्वारंटाइन स्टेशन होतं, जहाजातून आलेल्या आजारी लोकांना वेगळं ठेवायची जागा. त्यातल्याच एका जुन्या इमारतीत आज माहिती केंद्र आहे. तिथे बेटाची प्रतिकृती बघा, नकाशा घ्या, त्या दिवशी कुठले रस्ते बंद आहेत ते विचारा. दहा मिनिटं पुरेत.

रॅकून सामुद्रधुनीचं नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलं, तिची १८१४ मध्ये इथे दुरुस्ती झाली होती. खरे रॅकूनही बेटावर भरपूर आहेत आणि तुमच्या पिशवीवर त्यांचं लक्ष असतं. बाकावर पिशवी ठेवून स्वच्छतागृहात जाऊ नका.

आता वर चढा. बेटाला वळसा घालणारा पेरिमीटर रोड कोव्हच्या वर आहे आणि तिथे पोचेपर्यंतचा पहिला चढ हाच बऱ्याच जणांना जड जातो. पुढे रस्ता बराच सौम्य होतो, म्हणून इथे धापा लागल्या तर परत फिरू नका. हा अख्खा वळसा साधारण पाच ते सहा मैलांचा, बहुतेक डांबरी. चालत, थांबत, जेवत चार ते पाच तास धरा, सायकलने दोन.

वर पोचल्यावर डोंगराकडे तोंड करून डावीकडे वळा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बरेच लोक गोल्डन गेट ब्रिज बघायच्या ओढीने उजवीकडे वळतात आणि इमिग्रेशन स्टेशन शेवटी ठेवतात. मग पाय थकलेले असतात, बोटीची घाई असते आणि तोवर संग्रहालय बंद झालेलं असतं. ते दुपारीच, तीनच्या सुमारास बंद होतं. डावीकडून गेलात तर सकाळच्या ताज्या पायांनी ते बघून होतं, दुपारच्या जेवणाला पूर्व बाजूचा आडोसा मिळतो आणि पुलाकडे पोचेपर्यंत धुकं वर सरकलेलं असण्याची शक्यता वाढते.

इमिग्रेशन स्टेशन: इथे घाई करू नका

कोव्हपासून साधारण दीड मैल, अर्धा ते पाऊण तास. मुख्य रस्त्यावरून खाली किनाऱ्याकडे उतरावं लागतं. संग्रहालय सोमवार-मंगळवारी बंद असतं, आणि त्याचं शुल्क वेगळं. इतिहासासाठी जात असाल तर बोटीचा दिवस त्याप्रमाणे निवडा. निदान सव्वा तास इथे द्या.

जानेवारी १९१० मध्ये हे केंद्र सुरू झालं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी होती. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, मुत्सद्दी, प्रवासी आणि अमेरिकन नागरिकांची मुलं अशा मोजक्यांनाच वाट मोकळी होती. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्मनोंदींचे कागद जळाले. त्यानंतर अनेक चिनी पुरुषांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं, आणि त्यांच्या ‘कागदावरच्या मुलांना’ येण्याचा हक्क मिळाला. ते मुलगे खरे की कागदी हे शोधायला अधिकारी दिवसच्या दिवस उलटतपासणी घेत. तुमच्या घराला किती पायऱ्या? तांदळाची कणगी कुठल्या खोलीत? तिसऱ्या घरात कोण राहतं? बाप आणि मुलगा यांची उत्तरं जुळली नाहीत की परत पाठवणी. खऱ्या मुलालाही अशी उत्तरं पाठ करावी लागत. घोकंपट्टीच्या वह्या जहाजावर वाचून किनारा दिसायच्या आत समुद्रात फेकत.

दुमजली लाकडी बराकीत एकावर एक तीन अशा झोपायच्या फळ्यांच्या रांगा आहेत. दोन रांगांमधून एक माणूस जेमतेम जाईल. इथे लोक आठवडेच्या आठवडे, काही जण महिनोन्‌महिने अडकले. भिंतींवर त्यांनी कविता लिहिल्या आणि मग कोरल्या. अभिजात चिनी वृत्तातल्या, घराची आठवण, संताप, बायकोची काळजी. अशा दोनशेहून अधिक कविता आजवर सापडल्या आहेत. अधिकाऱ्यांनी त्या बुजवायला लांबी (पुट्टी) भरली, वर रंग फासला, आणि त्या थरांमुळेच लाकूड टिकलं. समोरून पाहिलं तर भिंत नुसती खरबरीत वाटते. दोन पावलं बाजूला सरका, नजर तिरकी ठेवा, मग अक्षरांच्या कडा उठून येतात. हात लावू नका. मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण बोट फिरवून बघायचा मोह मोठ्यांनाही होतो.

१९४० मध्ये प्रशासकीय इमारत जळाली आणि केंद्र बंद झालं. युद्धात लष्कराने इथे युद्धकैदी ठेवले. १९७० मध्ये बराक पाडायचं ठरलेलं असताना अलेक्झांडर वाइस या पार्क रेंजरच्या ती अक्षरं नजरेस पडली. त्याने आवाज उठवला, चिनी-अमेरिकन समाज पाठीशी उभा राहिला, आणि बराक वाचली. बाहेर १९७९ चा ग्रॅनाइटचा स्मृतिस्तंभ आहे. शेजारच्या जुन्या रुग्णालयात २०२२ पासून दुसरं संग्रहालय आहे, तेही बघा.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. इथून गेलेल्यांत हजारो भारतीय होते, बहुतेक पंजाबातले शेतकरी, आणि प्रमाणाने पाहिलं तर सर्वाधिक नकार भारतीयांच्या वाट्याला आला. कधी ‘सरकारवर बोजा पडेल’ म्हणून, कधी पोटातल्या हूकवर्म या जंताचं निमित्त करून. १९१७ च्या कायद्याने तर दारच बंद केलं. पेशावरहून १९१५ मध्ये आलेल्या वैष्णोदास बगाई, त्यांच्या पत्नी कला आणि तीन मुलं यांनाही इथे अडवलं होतं. सुटका झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्राला बातमी सुचली ती कलाबाईंच्या नाकातल्या हिऱ्याची. वैष्णोदासांना नागरिकत्व मिळालं, आणि भारतीय लोक नागरिकत्वाला पात्र नाहीत असं ठरवणाऱ्या १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्याच्या निकालानंतर ते काढून घेतलं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. बर्कलीत आज एका रस्त्याला कला बगाईंचं नाव आहे. आज व्हिसाच्या रांगेत उभं राहून इथे आलेल्या प्रत्येकाने हे केंद्र एकदा पाहावं, आणि दहा-बारा वर्षांवरच्या मुलांना बरोबर न्यावं.

पूर्वेकडून पश्चिमेकडे

पुढे मैलभरात फोर्ट मॅकडॉवेल लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काँक्रीटच्या प्रचंड बराकी, छप्पर उडालेल्या, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. दोन्ही महायुद्धांत सैनिक इथून जहाजावर चढले. इमारतींच्या आत शिरू नका, स्लॅब कुजलेले आहेत. जेवायला ही जागा उत्तम: वारा कमी आणि स्वच्छतागृह जवळ. खाली क्वारी बीच आहे, बेटावरचा सर्वांत उबदार किनारा. पाय भिजवा, पोहू नका. जीवरक्षक नाहीत, पाणी बर्फासारखं आणि प्रवाह जोरदार.

दक्षिण टोकाला पॉइंट ब्लंटजवळ खडकांवर सील पहुडलेले दिसतात, दुर्बीण असेल तर काढा. दीपगृहाचा भाग तटरक्षक दलाकडे आहे, तिथे जाता येत नाही. मग वळण घेतलं की सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारती, अल्काट्राझ आणि बॅटरी लेडयार्ड या जुन्या तोफखान्यापाशी गोल्डन गेट ब्रिज समोर येतो. जाकीट इथे लागतं. शेवटी कॅम्प रेनॉल्ड्स: १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, खाडीच्या रक्षणासाठी उभारलेला तळ. उतरत्या मैदानाच्या कडेला अधिकाऱ्यांची लाकडी घरं आणि किनाऱ्यावर १९०८ चं विटांचं कोठार. खाली जाऊन परत चढायला अर्धा तास लागतो. बोटीला दीड तासापेक्षा कमी उरला असेल तर वरूनच बघून पुढे चला.

शिखर गाठायचं असेल तर

माउंट लिव्हरमोर ७८८ फूट उंच आहे, म्हणजे सिंहगडाच्या पायथ्यापासूनच्या चढाईच्या निम्म्याहूनही कमी. धक्क्याजवळून नॉर्थ रिज पायवाट सुरू होते. आधी शंभरावर पायऱ्या, मग झाडीतून वळणं घेत वर. उतरताना सनसेट पायवाट घ्या, ती उघडी आहे आणि पूल समोर ठेवून उतरता येतं. सगळं मिळून साधारण पाच मैल, तीन तास. शिखर आणि पूर्ण वळसा एकाच दिवशी करता येतं, पण मग इमिग्रेशन स्टेशनला न्याय मिळत नाही. दोन फेऱ्या करा. १९५० च्या दशकात लष्कराने क्षेपणास्त्रांच्या रडारसाठी हा माथा कापून सपाट केला होता. २००२ मध्ये माती पुन्हा चढवून तो पूर्ववत केला.

आई-बाबा बरोबर असतील तर

भारतातून आलेल्या सत्तरीच्या पालकांना पूर्ण वळसा चालवू नका. मोसमात ट्रामची फेरी असते, ती बेट फिरवते. ट्राम चालू आहे ना आणि इमिग्रेशन स्टेशनपर्यंत गाडीची सोय त्या दिवशी आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्या. सोय नसेल तर आयाला कोव्हच्या हिरवळीवर बसून डबा खाऊन परतणंसुद्धा चांगला दिवस ठरतो. तिथे हरणं माणसांजवळ येऊन चरतात. त्यांना पुरी देऊ नका.

रात्री राहायचं ठरवलं तर तंबूच्या जागा मोजक्याच आहेत आणि आरक्षण सहा महिने आधी उघडतं. शनिवारच्या रात्री तेव्हाच संपतात. सामान पाठीवर घेऊन मैल-दोन मैल चालावं लागतं. प्रत्येक जागी टेबल आणि अन्न ठेवायची बंद पेटी आहे. टूथपेस्टपासून बिस्किटांपर्यंत वास येणारं सगळं तिच्यात ठेवा आणि कडी लागल्याची खात्री करूनच झोपा.